स्वादुपिंडाचा कर्करोग : दिसण्याआधीची वर्षे

फेब्रुवारी २०१८ मध्ये गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर मुंबईच्या लीलावती रुग्णालयात दाखल झाले. पुढे अमेरिकेत आणि दिल्लीच्या एम्समध्ये उपचार झाले. आजार स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा आहे हे गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी त्या वर्षीच्या ऑक्टोबरात जाहीरपणे सांगितले. ३० जानेवारी २०१९ रोजी नाकात नळी असतानाही पर्रीकरांनी विधानसभेत अर्थसंकल्प मांडला आणि १७ मार्चला त्यांचे निधन झाले. आयआयटी मुंबईत धातुशास्त्र शिकलेला, देशाचे संरक्षण खाते सांभाळलेला, उत्तमोत्तम डॉक्टरांचे उपचार मिळालेला माणूस तेरा महिन्यांत गेला. इतक्या लवकर कसे, हा प्रश्न तेव्हा कितीतरी घरांत उमटला असेल. ज्यांच्या घरात हा आजार येऊन गेला आहे, त्यांना हा प्रश्न नवा नाही.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या संशोधनाने या प्रश्नाची बाजूच पालटली आहे. बहुतेक रुग्णांमध्ये हा आजार निदानाच्या दहा-पंधरा वर्षे आधी सुरू झालेला असतो. घरच्यांना आणि डॉक्टरांना दिसतात ते त्यातले शेवटचे काही महिने. पुढच्या पानांचा विषय म्हणजे ती न दिसलेली वर्षे. स्वादुपिंडातली एखादी पेशी बिघडते कशी, तिची गाठ होते कशी आणि त्या गाठीतल्या पेशी यकृतापर्यंत पोहोचतात कशा, हे समजून घेण्याचे काम मुख्यतः बाल्टिमोर, फिलाडेल्फिया, सिडनी अशा ठिकाणी झाले. पण त्यातले काही धागे पुण्यातून गेलेले आहेत. हुजूरपागा, गणेशखिंड, पाषाण, रास्ता पेठ ही पुणेकरांच्या रोजच्या वाटेवरची ठिकाणे. तिथले धागे एकत्र धरले तर या शहराला करता येण्याजोगे एक काम समोर येते, आणि ते सांगावे म्हणूनही ही प्रस्तावना थोडी लांबली आहे.

आधी त्या अवयवाविषयी. जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला जवळजवळ टेकून, साधारण पंधरा सेंटिमीटर लांबीचे स्वादुपिंड आडवे पडलेले असते. त्याचे डोके लहान आतड्याच्या सुरुवातीच्या वळणात बसलेले आणि शेपूट प्लीहेपर्यंत गेलेली. त्याचा बहुतांश भाग पाचकरस तयार करतो. रस बनवणाऱ्या पेशींच्या गर्दीत इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची छोटी बेटे विखुरलेली असतात. पॉल लांगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ साली आपल्या प्रबंधात या बेटांचे वर्णन केले. त्यांचे काम काय, हे तेव्हा त्यालाही ठाऊक नव्हते. एकाच अवयवात पचन आणि साखर अशी दोन खाती नांदतात, ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे.

जागा अशी अडचणीची की पोट तपासताना डॉक्टरांच्या हाताला गाठ लागत नाही. डोक्याकडच्या भागात गाठ झाली तर पित्तनलिका दाबली जाते आणि कावीळ होते. आपल्याकडे इथे एक वेगळाच उशीर होतो. कावीळ म्हटली की अनेक घरांत आधी कावीळ उतरवणारा शोधला जातो, गळ्यात काविळीची माळ पडते, झाडपाल्याचे औषध पोटात जाते. विषाणूंमुळे होणारी कावीळ बऱ्याचदा आपोआप बरी होते, म्हणून या उपायांची ख्याती टिकून राहते. पित्तनलिका दाबल्याने झालेली कावीळ मात्र तशी उतरत नाही. पोट दुखत नसताना उतारवयात आलेली, अंगाला खाज सुटणारी, लघवी गर्द आणि शौच पांढुरके करणारी कावीळ असेल तर त्याच आठवड्यात सोनोग्राफी झाली पाहिजे. गाठ शेपटाकडे असेल तर कावीळही होत नाही. पाठ दुखते, भूक मंदावते, वजन उतरते आणि माणूस ॲसिडिटीच्या गोळ्या घेत राहतो.

जगात २०२२ साली या कर्करोगाचे सुमारे पाच लाख अकरा हजार नवे रुग्ण नोंदले गेले आणि त्याच वर्षी सुमारे चार लाख सदुसष्ट हजार माणसे त्याने दगावली. नवे रुग्ण आणि मृत्यू यांचे आकडे एकमेकांच्या इतके जवळ असलेले कर्करोग थोडे आहेत. अमेरिकेत निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण तेरा टक्क्यांच्या आसपास आहे. भारतात हा आजार तुलनेने विरळा, वर्षाला दर लाखामागे एक-दोनच्या घरात. म्हणूनच तो आपल्या चर्चेत आणि संशोधनाच्या पैशांतही मागे राहिला.

आता त्या पंधरा वर्षांकडे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात काही रुग्णांनी आणि त्यांच्या नातेवाइकांनी एक विलक्षण उदार संमती दिली होती: मृत्यूनंतर काही तासांतच शवविच्छेदन करावे आणि शरीरात पसरलेल्या प्रत्येक गाठीचे नमुने घ्यावेत. क्रिस्टीन आयाकोबुझिओ-डोनाह्यू आणि शिनिची याचिदा यांच्या गटाने अशा सात रुग्णांच्या मूळ गाठीतल्या आणि यकृत, फुप्फुस, पोटाचे अस्तर इथल्या गाठींतल्या जनुकीय चुका एकमेकींशी ताडून पाहिल्या. कोणती चूक आधी झाली, कोणती नंतर, याची वंशावळ मांडली. २०१० साली ‘नेचर’मध्ये आलेला त्यांचा हिशेब असा : पहिल्या बिघाडापासून खऱ्या कर्करोगाची मूळ पेशी तयार होईपर्यंत किमान एक दशक जाते, त्या पेशीच्या वंशजांना दूर पसरण्याची क्षमता येईपर्यंत आणखी किमान पाच वर्षे जातात, आणि तिथून पुढे रुग्ण सरासरी दोन वर्षे जगतो. या शाखेतल्या संशोधकांच्या मनावर या एका निबंधाचा जेवढा परिणाम झाला तेवढा क्वचितच दुसऱ्या कशाचा झाला असेल, कारण त्याने त्यांच्या हाती वेळ दिला. पंधरा वर्षांची खिडकी उघडी असेल तर तिथून आत डोकावण्याची वाट शोधता येते.

पहिला बिघाड बहुधा के-रास या जनुकात होतो. नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांत तो सापडतो. पेशीला वाढायला सांगणारा हा संदेशवाहक बिघडला की कायम चालू अवस्थेत अडकतो. त्यानंतर सीडीकेएन२ए, टीपी५३ आणि स्मॅड४ ही वाढीला आवर घालणारी जनुके एकामागून एक निकामी होतात. नलिकांच्या अस्तरात होणारे कर्करोगपूर्व बदल सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. त्यांना पॅनइन म्हणतात. के-रासच्या एकट्या बिघाडाने मात्र कर्करोग होत नाही, आणि याचा पुरावा २०२४ साली ‘नेचर’मध्येच आला. जॉन्स हॉपकिन्सच्याच संशोधकांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या स्वादुपिंडांचे निरोगी दिसणारे तुकडे घेतले, त्यांचे पातळ काप करून संगणकावर पुन्हा त्रिमितीत जोडले आणि पॅनइन मोजले. एका घन सेंटिमीटरमध्ये सरासरी तेरा निघाले. म्हणजे प्रौढ माणसाच्या स्वादुपिंडात असे बदल शेकड्याने असू शकतात, बरेचसे एकमेकांपासून स्वतंत्रपणे उगवलेले. आणि तरीही दर वर्षी लाखात मोजक्यांनाच कर्करोग होतो. खरे संशोधन इथून सुरू होते. या शेकडो ठिपक्यांपैकी एखादाच पुढे का सरकतो आणि बाकीचे जन्मभर जागच्या जागी का राहतात?

पायरीपायरीने जाण्याचे हे चित्र सगळ्यांना मान्य आहे असेही नाही. टोरांटोच्या फैयाज नोट्टा आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली शंभराहून अधिक गाठींचे संपूर्ण जनुकसंच वाचले. सुमारे दोन तृतीयांश गाठींमध्ये त्यांना एखाद्या गुणसूत्राचा एकाच झटक्यात चुराडा होऊन ते वेडेवाकडे पुन्हा जुळल्याच्या खुणा दिसल्या. अशा एका घटनेत दोन-तीन रक्षक जनुके एकदमच जाऊ शकतात. तसे झाले तर शेवटच्या पायऱ्या वर्षांत न चढता अचानक ओलांडल्या जातात आणि पंधरा वर्षांची खिडकी काहींच्या बाबतीत बरीच अरुंद होते. दोन्ही निष्कर्ष प्रत्यक्ष माणसांच्या गाठींवरून काढलेले आहेत. प्रत्येक रुग्णाच्या आजाराला एकच वेळापत्रक नसते, हाच अर्थ त्यातून काढणे रास्त वाटते.

फिलाडेल्फियाहून आलेली बातमी त्याहून अस्वस्थ करणारी होती. अँड्र्यू ऱ्हिम आणि बेन स्टँगर यांनी २०१२ साली उंदरांच्या स्वादुपिंडातल्या पेशींना चमकणारी पिवळी खूण लावून त्यांचा माग काढला. सूक्ष्मदर्शकाखाली गाठ दिसू लागण्याच्याही आधी काही खूण केलेल्या पेशी रक्तात उतरल्या होत्या आणि यकृतात सापडत होत्या. स्वादुपिंडाला सूज आणली की अशा पेशी वाढत. सूज कमी करणारे डेक्सामेथासोन दिले की घटत. उंदरात दिसलेले सगळेच माणसाला लागू होते असे नाही. पण लहानशी गाठ वेळेत काढूनही अनेकांमध्ये आजार यकृतात परत का येतो, याचे एक पटणारे कारण त्यातून मिळाले.

पेशी आपली जागा सोडते म्हणजे नेमके काय होते, या प्रश्नावर पुण्यात बरेच काम झाले आहे. त्याची सुरुवात एका पुणेकर मुलीपासून सांगावी लागते.

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. मुलगी हुजूरपागेत शिकली, मग फर्ग्युसनमध्ये, मग पुण्याच्याच कृषी महाविद्यालयात. तिथे तिने सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला. गणितज्ञ ज. त्रिं. रणदिवे यांच्याशी लग्न होऊन ती मुंबईला गेली आणि टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली कर्करोगाकडे वळली. भारतातल्या विकृतिशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत खानोलकरांचे नाव पहिले घेतले जाते. १९४९ साली पीएच.डी. झाल्यावर कमलाबाई रणदिवे जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. माणसाच्या कर्करोगाच्या पेशी शरीराबाहेर काचेच्या भांड्यात कायम वाढत्या ठेवण्याचे तंत्र याच गाय यांनी साधले. १९५१ सालच्या हीला पेशी त्यांच्याच. रणदिवे परत आल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. स्तनाच्या कर्करोगावरचे आणि कुष्ठरोगाच्या जंतूंवरचे त्यांचे काम परिचित आहे, १९८२ साली त्यांना पद्मभूषणही मिळाले. पण या प्रस्तावनेपुरते पाहिले तर पेशी जिवंत ठेवून त्यांना प्रश्न विचारण्याची भारतातली रीत त्यांनी घालून दिली, हे त्यांचे सर्वांत मोठे देणे आहे.

ती रीत पुढे पुण्यातच संस्थेच्या रूपाने स्थिरावली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात विद्यापीठाच्या आवारात प्राण्यांच्या ऊती आणि पेशींच्या संवर्धनाचे राष्ट्रीय केंद्र सुरू झाले. आज त्याला राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, म्हणजे एनसीसीएस म्हणतात. गणेशखिंडीतल्या या केंद्राचे एक काम बाहेरच्यांना फारसे माहीत नाही. देशभरातल्या प्रयोगशाळांना लागणाऱ्या पेशींच्या वाणांचा साठा इथे द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवलेला असतो आणि मागणीप्रमाणे पाठवला जातो. मिया पाका-२ आणि पँक-१ हे स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे दोन जुने वाण. दोन्ही १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या दोन रुग्णांच्या गाठींतून वाढवलेले. भारतातल्या अनेक शोधनिबंधांत, पेशी कुठून मिळाल्या, या सदरात पुण्याचे नाव असते. कुठल्याशा शहरातला विद्यार्थी नवे औषध या पेशींवर टाकून पाहतो तेव्हा त्याचा प्रयोग गणेशखिंडीतून आलेल्या एका छोट्या कुपीपासून सुरू झालेला असण्याची शक्यता बरीच असते.

याच केंद्रात शर्मिला बापट यांनी बीजांडकोशाच्या कर्करोगावर काम केले. स्नेल आणि स्लग या दोन प्रथिनांमुळे कर्करोगाच्या पेशींची एकमेकींवरची पकड कशी सुटते आणि त्या आसपासच्या ऊतीत कशा घुसतात, हे त्यांच्या गटाने २००५ पासूनच्या निबंधांत दाखवले. अवयव वेगळा, पण युक्ती तीच. नलिकेच्या अस्तरात शेजारणीला चिकटून बसलेली पेशी ते चिकटणे सोडते, लांबुळकी होते, सरपटू लागते. स्वादुपिंडातल्या पेशीही हेच करतात. पाषाणच्या आयसर या विज्ञानसंस्थेतले नागराज बालसुब्रमण्यम यांचा प्रश्न याच्या पुढचा आहे. निरोगी पेशीला वाढायचे तर तिचे पाय कशावर तरी टेकलेले लागतात. आधार सुटला की तिला वाढीचे संदेश मिळेनासे होतात. शरीराने कर्करोगाच्या प्रसाराविरुद्ध ठेवलेला हा एक जुना पहारा आहे. बालसुब्रमण्यम आणि मार्टिन श्वार्ट्झ यांच्या गटाने २०१० साली ‘करंट बायॉलॉजी’त दाखवले की राल-ए नावाचे प्रथिन पेशीच्या पटलातले काही स्निग्ध तुकडे आतून पुन्हा पृष्ठभागावर आणून ठेवते आणि वाढीचे संदेश तिथूनच चालतात. निरोगी पेशीत हे काम आधार असेल तरच होते. के-रास बिघडलेल्या स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या पेशींत ते आधार नसतानाही अखंड चालू राहते. रक्तात तरंगत यकृताकडे निघालेली पेशी वाटेत मरत का नाही, याचे हे थेट रेणूंच्या पातळीवरचे उत्तर आहे, आणि या प्रश्नाचा पाठपुरावा पाषाणमध्ये पुढेही चालू राहिला.

पण पेशी एकटी नसते. स्वादुपिंडाची गाठ हाताला कठीण लागते. तिच्या आकारमानाचा मोठा भाग कर्करोगाच्या पेशींचा नसतोच, तो भोवती साचलेल्या तंतुमय ऊतीचा असतो. ही ऊती बनवणाऱ्या तारकाकार पेशी स्वादुपिंडातून वेगळ्या काढून वाढवण्याचे श्रेय १९९८ साली जवळजवळ एकाच वेळी दोन गटांना मिळाले. एक जर्मनीत मॅक्स बाखेम यांचा, दुसरा सिडनीत. सिडनीच्या गटातल्या भारतीय वंशाच्या संशोधक मिनोती आपटे यांनी पुढची पंचवीस वर्षे या पेशींचा पिच्छा सोडला नाही. त्यांच्या २०१० सालच्या एका प्रयोगाची रचना फार देखणी आहे. मादी उंदरांच्या स्वादुपिंडात त्यांनी माणसाच्या कर्करोगाच्या पेशींबरोबर पुरुषाच्या स्वादुपिंडातल्या तारकाकार पेशी सोडल्या. गाठ दूर पसरल्यावर तिथल्या नव्या गाठींत त्यांनी वाय गुणसूत्र शोधले, आणि ते सापडले. मादीच्या शरीरात वाय गुणसूत्र आले ते सोडलेल्या तारकाकार पेशींतूनच. म्हणजे कर्करोगाची पेशी प्रवासाला निघताना मूळ गाठीतली सोबतही बरोबर नेऊ शकते. स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यविशारदाने १८८९ साली कर्करोगाच्या प्रसाराला बी आणि जमिनीची उपमा दिली होती. या प्रयोगात बियाबरोबर थोडी जमीनही निघालेली दिसते. २०१५ साली डेव्हिड लायडन यांच्या गटाने आणखी एक दुवा जोडला. मूळ गाठीतून सुटणारी सूक्ष्म पुटके आधीच यकृतात जाऊन तिथल्या पेशींना सूज आणि तंतू वाढवायला लावतात, असे त्यांना उंदरांत दिसले. पाहुणा येण्यापूर्वीच घर तयार असते.

सोबत इतकी उपयोगाची असेल तर ती काढून टाकावी, हा विचार साहजिकच सुचला, आणि या विषयातली सर्वांत मोठी निराशा त्यातूनच आली. तंतुमय ऊती विरघळवणारी औषधे २००९ साली उंदरांत आशादायक ठरली. रसायनोपचार गाठीत अधिक पोहोचू लागला. पण माणसांवरच्या चाचणीत असे औषध घेतलेल्या रुग्णांची स्थिती अधिक वाईट होत असल्याचे दिसले आणि २०१२ साली ती चाचणी थांबवावी लागली. दोन वर्षांनी स्टँगर आणि रघु कल्लुरी यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवले की त्या ऊतीतला काही भाग गाठीला आवरूनही धरत असतो. तो काढला तर उंदरांतली गाठ उलट अधिक उग्र होते. त्याच ऊतीतला हायलुरोनिक आम्लाचा फुगवटा कमी करणारे दुसरे एक औषध २०१९ साली तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत निरुपयोगी ठरले. या चाचण्यांत ज्यांनी भाग घेतला त्यांच्यामुळे शास्त्रज्ञांना कळले की भोवतालच्या पेशींतही शत्रू आणि मित्र दोन्ही आहेत, आणि त्यांना वेगळे ओळखल्याशिवाय हात घालता येत नाही. त्या रुग्णांचे ऋण मोठे आहे.

आता साखरेकडे. स्वादुपिंडात दोन खाती एकत्र नांदतात, ते इथे उपयोगी पडते. डॉ. सुरेश चारी यांनी भारतात असताना चेन्नईचे मधुमेहतज्ज्ञ व्ही. मोहन यांच्याबरोबर एका आपल्याकडच्याच आजाराचा अभ्यास केला होता. केरळात आणि दक्षिण भारतात तरुण, कृश माणसांच्या स्वादुपिंडात खडे होतात, पोट दुखते, पुढे मधुमेह होतो. १९९४ साली त्यांनी मांडले की अशा रुग्णांना स्वादुपिंडाचा कर्करोग होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असते. पुण्यात रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीही याच आजाराच्या रुग्णांत स्वादुपिंडाची दोन्ही कामे कितपत उरतात, ते मोजले होते. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या गिरिराज चांडक यांनी २००२ साली त्यामागचा स्पिंक१ जनुकातला बदल दाखवला. कर्करोगाला सुजेची जमीन मानवते, हे फिलाडेल्फियाच्या उंदरांनी सांगायच्या आधी दक्षिणेतल्या गरीब रुग्णांनी सांगितले होते.

चारी नंतर अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये गेले आणि प्रश्न उलटा करून विचारू लागले. मधुमेहातून कर्करोग होतो की कर्करोगातून मधुमेह? त्यांच्या २००५ सालच्या अभ्यासात पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह झालेल्या शंभरांपैकी जवळपास एकाला पुढच्या तीन वर्षांत स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला. साखर कर्करोगाच्या निदानाच्या अडीच-तीन वर्षे आधीपासून चढू लागते. गाठ काढल्यावर अनेकांची साखर सुधारतेही. म्हणजे काही जणांत मधुमेह हीच कर्करोगाची पहिली खूण असते. पण भारतात आज दहा कोटींवर मधुमेही आहेत. नवा मधुमेह झालेल्या प्रत्येकाचा सीटी स्कॅन काढणे अशक्य आहे आणि अन्यायाचेही, कारण शंभरांतल्या नव्व्याण्णवांना भीती आणि खर्च यांखेरीज काही मिळणार नाही. म्हणून चारी यांच्या गटाने २०१८ साली एक सोपी गुणपद्धत सुचवली. वय किती, साखर किती वेगाने चढली आणि वजन वाढते आहे की घटते, एवढे तीन आकडे. एरवीच्या मधुमेहात वजन बहुधा वाढत गेलेले असते. साखर चढताना वजन घटत असेल तर संशय घ्यायचा. तीन किंवा अधिक गुण असलेल्यांत कर्करोगाचे प्रमाण सुमारे ३.६ टक्के निघाले.

लठ्ठपणाची बाजूही याच दोन खात्यांतून उलगडते आहे. येल विद्यापीठातल्या मंदार मुझुमदार यांच्या गटाने २०२० साली ‘सेल’मध्ये दाखवले की लठ्ठ उंदरांत इन्सुलिन बनवणाऱ्या बेटांतल्या पेशी कोलेसिस्टोकायनिन नावाचे संप्रेरक सोडू लागतात आणि शेजारच्या रस बनवणाऱ्या पेशींना कर्करोगाकडे ढकलतात. तंबाखूबद्दल मात्र शंकेला जागाच नाही. धूम्रपानाने या कर्करोगाचा धोका साधारण दुप्पट होतो, आणि धूर न काढता चघळण्याच्या किंवा दातांना लावण्याच्या तंबाखूलाही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे कारण मानले आहे. मिसरी घासणाऱ्या बायकांना आणि गायछापचा बार भरणाऱ्या पुरुषांना तोंडाच्या कर्करोगाची चित्रे दाखवली जातात. पोटातल्या या धोक्याबद्दल त्यांना कोणी सांगत नाही.

उपचारांत काही खरी प्रगती झाली आहे. ॲलन व्हिपल यांनी १९३५ साली मांडलेली अवघड शस्त्रक्रिया आज टाटा स्मारक रुग्णालयात नियमितपणे होते. शस्त्रक्रियेनंतर चार औषधांचा रसायनोपचार घेतलेल्या रुग्णांचे मध्यम आयुर्मान २०१८ च्या एका फ्रेंच-कॅनेडियन चाचणीत ५४ महिन्यांवर गेले. आधीच्या उपचाराने ते ३५ महिने होते. न्यूयॉर्कच्या विनोद बालचंद्रन यांनी प्रत्येक रुग्णाच्या गाठीवरून बेतलेली एमआरएनए लस २०२३ साली १६ जणांना दिलेली नोंदवली. आठ जणांच्या प्रतिकारशक्तीने तिला दाद दिली आणि त्यांच्यात आजार लवकर परतला नाही. बिघडलेल्या के-रासला थेट गाठणारी औषधेही आता चाचण्यांत आहेत. पण शस्त्रक्रिया, तिच्यानंतरचा हा रसायनोपचार आणि ही लस ज्यांची गाठ काढता येते त्यांच्याच कामाची, आणि निदानाच्या वेळी तसे रुग्ण शंभरांत पंधरा-वीसच असतात.

म्हणून पुन्हा पुण्याकडे यावे लागते. ‘लॅन्सेट’ने २००४ साली छापलेले दोन डॉक्टरांचे छायाचित्र वैद्यकात प्रसिद्ध आहे : याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन, दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. भारतीय माणूस बारीक दिसूनही चरबी बाळगतो आणि कमी वजनातच, कमी वयातच मधुमेही होतो, हे पुण्याच्या संशोधनाने जगाला पटवले. चारी यांची गुणपद्धत मात्र मिनेसोटातल्या एका परगण्याच्या नोंदींवर बेतलेली आहे. तिथल्या माणसाचे वजन घटणे आणि आधीच बारीक असलेल्या पुणेकराचे वजन घटणे यांचा अर्थ एकच लावता येईल का? पन्नाशीची अट इथे पंचेचाळिसावर आणावी लागेल का? हे इथल्याच माणसांत तपासल्याशिवाय कळणार नाही.

ते तपासायला अवाढव्य यंत्रे लागत नाहीत. नव्याने मधुमेह निघालेल्या रुग्णाचे आजचे वजन, वर्षापूर्वीचे वजन आणि वर्षापूर्वीची उपाशीपोटीची साखर हे तीन आकडे लागतात, आणि पुढे त्या माणसाचे काय झाले हे कळण्यासाठी कर्करोगाची नोंदवही. लोकसंख्येवर आधारलेली अशी नोंदवही भारतात प्रथम मुंबईत १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली आणि पुण्याचीही स्वतंत्र नोंदवही आहे. अडचण पहिल्या टोकाला आहे. आपल्या बहुतेक दवाखान्यांत वजन काट्यावर पाहिले जाते, पण कागदावर उतरत नाही. साखरेचे जुने रिपोर्ट रुग्णाच्या पिशवीत असतात आणि घर बदलताना रद्दीत जातात. अमेरिकेत नवमधुमेहींचा असाच एक अभ्यास दहा हजार माणसांचे लक्ष्य ठेवून उभा राहिला. पुण्यात मधुमेहाचे जाणकार आहेत, पेशींचा साठा आहे, प्रसाराचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत आणि कर्करोगाची नोंदवहीही आहे. महापालिकेचे दवाखाने आणि खासगी डॉक्टर या तीन आकड्यांची नोंद ठेवू लागले, आणि साखर चढत असताना वजन उतरलेल्या रुग्णांचे रक्त संमतीने जपून ठेवले गेले, तर गणेशखिंड आणि पाषाणच्या प्रयोगशाळांना अमेरिकेत पन्नास वर्षांपूर्वी गोळा केलेल्या पेशींच्या जोडीला इथल्याच माणसांचे, आजार दिसण्याआधीचे नमुने अभ्यासायला मिळतील.